दोराचे दुसरे टोक

पांगळ्याने पर्वत ओलांडावा ही आपल्याकडे ईश्वरी कृपेची परिसीमा मानली आहे. देवाची थोरवी सांगायची झाली म्हणजे भाविक माणूस हा दाखला हटकून देतो. सांख्यांनी मात्र प्रकृती व पुरुष यांचे नाते समजावताना निराळाच दाखला दिला. रानात एक आंधळा व एक पांगळा असे दोघे अडकले. आंधळ्याने पांगळ्याला खांद्यावर घेतले, पांगळ्याने वाट सांगितली, आणि दोघेही रानाबाहेर पडले. यालाच अंध-पंगू न्याय म्हणतात. पहिल्या दाखल्यात चमत्कार आहे. दुसऱ्यात चमत्कार मुळीच नाही, आहे ती केवळ दोन माणसांनी एकमेकांशी केलेली जुळणी. गेल्या शंभर वर्षांत अधू शरीराच्या माणसांनी जे कडे आणि जी शिखरे सर केली, त्यांची हकीकत वाचू लागले म्हणजे वारंवार आठवण होते ती या दुसऱ्या दाखल्याची.

हकीकतीचा आरंभ जेफ्री विन्थ्रॉप यंग या इंग्रज गृहस्थापासून केला तर वावगे होणार नाही. हा 1876 साली जन्मलेला कवी आणि शिक्षक, पहिल्या महायुद्धापूर्वी आल्प्समधल्या अव्वल गिर्यारोहकांत गणला जात असे. वेल्समधल्या पेन-ई-पास या खिंडीतल्या खाणावळीत तो तरुण चढाऊंचा मेळावा भरवी. पुढे 1924 साली एव्हरेस्टवर नाहीसा झालेला जॉर्ज मॅलरी त्याच मेळाव्यातला. युद्ध आले तेव्हा यंगने बंदूक घेतली नाही, जखमींना वाहून नेणाऱ्या पथकात तो गेला. 1917 साली इटलीच्या आघाडीवर स्फोट झाला आणि त्याचा डावा पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला.

गुडघा गेला म्हणजे काय गेले, हे चढण चढणाऱ्यालाच कळावे. लाकडाच्या वा धातूच्या पायाला आपण कशावर टेकलो आहोत हे उमगत नाही. दगड हलतो की घट्ट आहे, बर्फ कठीण की भुसभुशीत, याची बातमी वर पोचतच नाही. उतरताना तर शरीराचा सगळा भार एकाच खऱ्या पायावर येतो. यंगने खास पाय बनवून घेतला. खडकासाठी एक टोक, बर्फासाठी दुसरे, अशी त्याची टोके बदलता येत. तो पाय घेऊन, पन्नाशी ओलांडल्यावर, 1928 साली तो मॅटरहॉर्नच्या माथ्यावर उभा राहिला. मॅटरहॉर्नची उंची 4478 मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या जवळजवळ पावणेतीन पट. या एकपायी भटकंतीवर त्याने 1951 साली ‘माउंटन्स विथ अ डिफरन्स’ हे पुस्तक लिहिले.

यानंतरची गोष्ट अमेरिकेतली आणि मनाला चटका लावणारी आहे. 1982 च्या जानेवारीत ह्यू हेर हा सतरा वर्षांचा मुलगा एका मित्राबरोबर न्यू हॅम्पशायरमधल्या माउंट वॉशिंग्टनवर बर्फ चढायला गेला. वादळात दोघे वाट चुकले आणि तीन रात्री हाडे गोठवणाऱ्या थंडीत अडकून पडले. त्यांच्या शोधात निघालेल्या स्वयंसेवकांपैकी अल्बर्ट डाऊ हा तरुण हिमप्रपाताखाली सापडून मरण पावला. मुले जिवंत सापडली; पण हेरचे दोन्ही पाय गुडघ्याखाली कापावे लागले.

दुसरा एखादा मुलगा दुःखाने खचला असता. हेरचा पिंड कारागिराचा होता. माणसाच्या पायासारखा दिसणारा पाय खडकाला हवाच कशाला, असा सवाल त्याने स्वतःला केला आणि कामाला लागला. कड्यावरच्या बोटभर कंगोऱ्यावर टेकेल असे इवलेसे पाऊल, फटीत पाचरीसारखे बसेल असे दुसरे, बर्फात रुतेल असे खिळ्यांचे तिसरे, अशी पावलेच त्याने घडवली. हवी तेव्हा उंचीही वाढवता येई! अपघातापूर्वी जे कडे दाद देत नव्हते तेही आता तो चढू लागला. पुढे तो मॅसॅच्युसेट्सच्या विख्यात तंत्रसंस्थेत प्राध्यापक झाला आणि त्याने इतरांसाठी पाय घडवण्यात आयुष्य घातले. परक्या माणसाने आपल्यासाठी जीव दिला, ते ऋण फेडायचे कसे? पैशाने फिटण्यासारखे ते नव्हते. ते पुढल्या माणसाला देऊनच फिटावे.

त्याच 1982 साली कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा पर्वतात मार्क वेलमन हा तरुण शिखरावरून उतरताना कोसळला आणि कमरेखाली लुळा झाला. पुढे तो योसेमिटी येथे वनरक्षक म्हणून चाकरीला लागला. तिथे एल् कॅपिटान नावाचा अखंड ग्रॅनाइटचा कडा आहे, सुमारे तीन हजार फूट उभा. तो कडा अनेकदा चढलेला माइक कॉर्बेट त्याला भेटला आणि दोघांनी बेत केला. दोराला चिकटून वर सरकणारी, पण मागे न घसरणारी एक पकड असते. गिर्यारोहक तिला जुमार म्हणतात. तिला आडवा दांडा जोडला. दांडा वर सरकवायचा, हातांनी शरीर ओढून घ्यायचे, पुन्हा सरकवायचा. एका ओढीला सुमारे सहा इंच! अशा जवळपास सात हजार ओढी काढून, 1989 च्या जुलैत आठव्या दिवशी वेलमन माथ्यावर पोचला. वर्तमानपत्रांनी त्याला डोक्यावर घेतले, ते योग्यच झाले.

पण कॉर्बेटचे काम पाहा. आधी त्याने पुढे चढून दोर बांधायचा, मग खाली उतरून ठोकलेल्या मेखा काढायच्या, आणि पुन्हा वर चढायचे. म्हणजे वेलमन एकदा चढला तो कडा कॉर्बेट जवळजवळ दोनदा चढला. आणि तरी वेलमनला कोणी वर ओढून नेले असे म्हणता येत नाही. त्या सात हजार ओढी त्याच्याच दंडांच्या होत्या. मदत आणि पराक्रम यांत आपण उगाच वैर मानतो. 1996 साली अटलांटाच्या पॅरालिम्पिकमध्ये ज्योत पेटवायची वेळ आली, तेव्हा दोरावरून हातांनी चढत जाऊन ती पेटवली ती याच वेलमनने.

एव्हरेस्टचा वृत्तान्त बहुतेकांना ठाऊक आहे. 1998 साली टॉम व्हिटेकर कृत्रिम पाऊल लावून माथ्यावर गेला. 2001 साली एरिक वायहेनमायर हा अंध गृहस्थ, पुढच्या सोबत्याच्या घंटीचा आवाज ऐकत. 2013 साली आपल्या अरुणिमा सिन्हा गेल्या. धावत्या गाडीतून ढकलल्या गेल्यामुळे 2011 साली त्यांचा पाय गेला होता. त्यांच्या पाठीशी बचेंद्री पाल उभ्या राहिल्या. पण सगळ्यांनाच हे रुचले असे नाही. 2017 च्या अखेरीस नेपाळ सरकारने दोन्ही पाय नसलेल्यांना व अंधांना एव्हरेस्टची बंदी केली. हेतू जीव वाचवण्याचाच सांगितला गेला. 2018 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी रोखली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात दोन्ही पाय गमावलेला शिया बोयू हा चिनी वृद्ध शिखरावर पोचला.

आता तर ही विद्या डोंगरावरून मैदानात उतरली आहे. 2011 साली इटलीतल्या आर्को गावी अपंगांच्या भिंत-चढाईची पहिली जागतिक स्पर्धा झाली. 2012 साली पॅरिसच्या स्पर्धेत, बालपणी पोलिओने एका पायाचे बळ गेलेल्या बंगळुरूच्या मणिकंदन कुमारने सुवर्णपदक मिळवले. 2028 च्या लॉस एंजेलिस पॅरालिम्पिकमध्येही या खेळाला जागा मिळाली आहे. स्पर्धेत अंध खेळाडू वर चढत असतो आणि खालून सोबती सांगत असतो: उजवा हात, थोडा वर, घड्याळात दोन वाजतात तिकडे. डोळे जमिनीवर, हात भिंतीवर! अंध-पंगू न्याय याहून निराळा तो काय? शिवाय दोराचे दुसरे टोक धरून आणखी एक जण उभा असतोच. चढाऊंच्या बोलीत याला बिले देणे म्हणतात, आणि गंमत अशी की ते धडधाकट खेळाडूलाही द्यावेच लागते.

आपल्या पुण्यातही असे काम चालते. तरुणपणीच दृष्टी गमावलेल्या दिव्यांशु गणात्रा यांनी 2014 साली ‘अ‍ॅडव्हेंचर्स बियॉन्ड बॅरियर्स’ ही संस्था काढली. अपंगांना वेगळे काढून त्यांची सहल न्यायची नाही, तर अधू आणि धडधाकट यांना एकाच वाटेवर, एकाच जोडसायकलवर बसवायचे, अशी तिची रीत आहे.

अपंग माणूस दिसला की आपण एकतर हळहळतो, नाहीतर त्याच्या पराक्रमाने थक्क होऊन टाळ्या वाजवतो. दोन्ही वेळा भावना खरी असते, पण दोन्ही वेळा दोर मात्र कोणाच्याच हाती नसतो. दिवाळीच्या सुट्टीत अंगणात मातीचे किल्ले उभे राहतील, घरोघर खऱ्या गडांवर जाण्याचे बेतही होतील. तेव्हा गुडघे धरलेल्या आजीला, कुबडी घेऊन चालणाऱ्या भाच्याला, डोळ्यांनी अधू झालेल्या काकांना कोणीतरी प्रेमानेच म्हणेल, “तुम्हाला नाही झेपायचे, तुम्ही घरीच बसा.” कदाचित ते खरेही असेल. पण ते म्हणण्याआधी, किती वर जायचे, कोणत्या वाटेने, आणि बरोबर कोण कोण, एवढे तरी त्यांना विचारावे. गडाचा माथा नाही गाठला तरी पहिल्या दरवाजापर्यंत जाता येतेच, आणि तिथला वाराही गडाचाच असतो.