फड्या निवडुंग

फड्या निवडुंग : यवतमाळ जिल्ह्यात बरड, मुरमाड जमिनीवर, बांधांवर आणि गावकुसाला जाळीने वाढणारी काटेरी वनस्पती, दुसरे नाव नागफणी. तिचे मूळ अमेरिका खंडातील कोरड्या प्रदेशांत. युरोपीय जहाजांबरोबर ती भारतात आली आणि इतकी रुळली, की ती इथलीच वाटते. हिरवे चपटे फड ही पाने नसून खोडे होत. त्यांची त्वचारंध्रे मुख्यतः रात्री उघडतात, त्यामुळे दिवसाच्या उन्हात पाणी फारसे उडत नाही. गळून पडलेला फड मातीला टेकताच मुळे धरतो. एका झाडाची जाळी होते ती अशी. पिकलेल्या लाल फळांतील बिया पक्षी दूरवर नेतात. मोठ्या काट्यांपेक्षा त्यांच्या बुडाशी असलेली केसांसारखी बारीक कुसे अधिक त्रासदायक. पाणथळ काळ्या जमिनीत मात्र मुळे कुजतात.

तांबडा रंग देणारा किरमिजी किडा म्हणून ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात, 1795 मध्ये, ब्राझीलहून भलताच किडा आणला गेला. रंग बेताचाच मिळाला, पण निवडुंगाची एक जात त्याने जवळजवळ संपवली. दुसऱ्या जातीच्या माजलेल्या रानांवर 1926 मध्ये श्रीलंकेतून आणखी एक किडा आणून सोडला. ती योजना यशस्वी ठरली.

कुंपणाचा तीनधारी निवडुंग या कुळातला नव्हे. त्याला चीक असतो, फड्याला नसतो.