प्रकाशतंतू हायड्रोजन संवेदक

प्रकाशतंतू हायड्रोजन संवेदक हे हवेतील हायड्रोजन वायूचे अस्तित्व व प्रमाण प्रकाशाच्या साहाय्याने ओळखणारे उपकरण होय. यात काचेच्या तंतूवर पॅलॅडियम या धातूचा किंवा त्याच्या संमिश्राचा पातळ लेप असतो. हायड्रोजन रंगहीन व गंधहीन असून हवेतील त्याचे प्रमाण आकारमानाने सुमारे ४ ते ७५ टक्के असल्यास तो लहानशा ठिणगीनेही पेट घेतो. विद्युत संवेदकातच अशी ठिणगी उद्भवण्याचा धोका असतो. प्रकाशतंतूतून केवळ प्रकाश जात असल्याने हा धोका टळतो.

कार्यतत्त्व

पॅलॅडियम स्वतःच्या आकारमानाच्या शेकडो पट हायड्रोजन शोषते. हा गुणधर्म टॉमस ग्रॅहॅम यांनी १८६६ मध्ये नोंदवला. हायड्रोजनच्या रेणूंचे धातूच्या पृष्ठभागावर अणूंत विघटन होते व ते अणू धातूत शिरतात. परिणामी लेप प्रसरण पावतो व तंतू ताणला जाऊन त्यातील प्रकाशाची कला बदलते. तंतूच्या टोकावर लेप असल्यास परावर्तित प्रकाशाची तीव्रता घटते. हे बदल मोजून वायूचे प्रमाण ठरवतात. वायू दूर होताच लेप बहुतांशी पूर्ववत होतो.

इतिहास

एम. ए. बटलर यांनी १९८४ मध्ये पॅलॅडियमचा लेप दिलेल्या तंतूचा असा संवेदक प्रसिद्ध केला.

मर्यादा

वारंवार प्रसरण-आकुंचनाने लेपाला तडे जातात किंवा तो सुटतो. त्यामुळे शुद्ध पॅलॅडियमऐवजी चांदी, सोने वा निकेल यांच्यासह केलेली संमिश्रे वापरतात. कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन सल्फाइड यांमुळे संवेदनक्षमता घटते. तापमानानेही तंतूची लांबी बदलत असल्याने त्याचे स्वतंत्र मापन आवश्यक ठरते.