गरिबांचा बदाम : खानदेशातील भुईमूग व त्याचे पीठ

पुण्या-मुंबईच्या सुशिक्षित घरांत अलीकडे एका नव्या पिठाने प्रवेश केला आहे. ते म्हणजे बदामाचे पीठ. साल काढलेले बदाम दळून केलेले हे पांढुरके पीठ केक, बिस्किटे व मॅकरून यांत पडते. गव्हातील ग्लूटेन नावाचे चिकट द्रव्य ज्यांच्या आतड्यांस सोसत नाही, त्यांस तर ते फारच सोयीचे वाटते. परंतु बदाम हे काही तापीकाठच्या काळ्या मातीतले फळ नव्हे. पूर्वी तो काबूलकडून येई. आज जगातील बदामाचा फार मोठा भाग अमेरिकेतील कॅलिफोर्नियात पिकतो. त्याचे पीठ महाग असते, आणि म्हणूनच गृहिणी ते पारखून घेते व जपून ठेवते.

जळगाव व धुळे या जिल्ह्यांत मात्र याच कामास येणारे दुसरे एक बी शंभर वर्षांपासून घरोघरी आहे. ते म्हणजे भुईमुगाचा दाणा. बंगाली लोक त्यास चिनाबादाम म्हणतात, आणि आपल्याकडेही गरिबांचा बदाम हे नाव रूढ आहे. हे नाव केवळ कौतुकाचे नाही. बदामात शेकडा सुमारे ५० भाग स्निग्धांश व २१ भाग प्रथिने असतात. भुईमुगात स्निग्धांश जवळजवळ तितकाच असून प्रथिने शेकडा २५ च्या घरात जातात. दोहोंतही ग्लूटेन नाही. एका देशाचा मेवा महाग झाला म्हणजे दुसऱ्या देशाचा मेवा त्याच्या जागी बसतो, हा क्रम जुनाच आहे. युरोपात बदामाचा होणारा मार्सिपान गोव्यातील ख्रिस्ती घरांत नाताळास काजूचा होतो, आणि तो काजूही पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेला आहे.

भुईमुगाची जन्मभूमीही दक्षिण अमेरिकाच होय. फूल जमिनीवर यावे आणि शेंग जमिनीखाली धरावी, असा या वेलीचा विलक्षण स्वभाव आहे. म्हणून मराठीने त्यास भुईतला मूग म्हटले. समुद्रमार्गाने तो हिंदुस्थानात आला, तरी खानदेशात त्याचा जम बसण्यास बराच काळ लागला. १८१८ नंतर इंग्रजी अमलाखाली आलेल्या खानदेशात धुळे हे जिल्ह्याचे ठिकाण झाले. त्या काळी तेलबी म्हटले म्हणजे तीळ व जवस. १८६० नंतर आगगाडी आली, अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले, आणि तापीचे खोरे कपाशीच्या नादी लागले. १९०६ मध्ये या मोठ्या जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले. तेच पुढे जळगाव व धुळे या नावांनी ओळखले जाऊ लागले. भुईमुगाचे जुने बियाणे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रोगराईने खालावले होते. तेव्हा मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्याने स्पॅनिश, जपानी इत्यादी परकी वाणे आणविली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ती येथील जमिनीस मानवली, आणि कपाशीच्या शेजारी भुईमुगाची शेते दिसू लागली.

याच सुमारास अमेरिकेच्या दक्षिण भागात जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर नावाचा एक नीग्रो शास्त्रज्ञ कपाशीने थकलेल्या जमिनीत भुईमूग पेरा, असे शेतकऱ्यांस सांगत होता. हे द्विदल पीक हवेतील नत्र मुळांवाटे जमिनीस देते, हे त्याचे एक कारण होते. परंतु पीक वाढले तरी ते खावे कसे, हा प्रश्न उरतोच. म्हणून कार्व्हरने १९१६ मध्ये भुईमूग खाण्याच्या १०५ कृती एका पुस्तिकेत छापल्या. त्यांत दाण्याच्या पिठाचे पाव व बिस्किटेही होती.

खानदेशात असा उपदेश करण्यास कोणी नव्हते, पण त्याची उणीव गृहिणींनी भासू दिली नाही. भरताच्या वांग्यात दाणे पडले, ठेच्यात पडले. भाजीच्या रश्शास दाण्याच्या कुटाने दाटपणा आला. गूळ व कूट यांचे सारण भरून दाण्याची पोळी होऊ लागली, आणि उपवासाच्या दिवशी तर कुटावाचून पान वाढणेच अशक्य झाले. चिकटपणा नसलेले पीठ भाजणे ही कलाही या प्रांतास नवी नव्हती. ज्वारी व उडीद एकत्र दळून केलेली कळण्याची भाकरी येथे पिढ्यान्पिढ्या थापली जाते. ऊन पाणी, भरपूर मळणे आणि हलका हात एवढ्यावर ती तुटत नाही. ग्लूटेनरहित पिठाचे जे शास्त्र आज पाकपुस्तकांत छापले जाते, ते येथील चुलीपुढे आधीच सिद्ध झालेले होते.

तथापि शेतातल्या मालाचा मोठा ओघ स्वयंपाकघराकडे न जाता घाण्याकडे व गिरणीकडे गेला. धुळे, जळगाव, अमळनेर येथे तेलाच्या गिरण्या उभ्या राहिल्या. २९ डिसेंबर १९४५ रोजी अमळनेरास महंमद हाशम प्रेमजी यांनी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही वनस्पती तुपाची कंपनी स्थापन केली. आज विप्रो या नावाने संगणकाच्या व्यवसायात जगभर ओळखली जाते, ती हीच. तेल निघाले, विकले गेले. मागे राहिली पेंड. जवळजवळ निम्मे वजन प्रथिनांचे असलेली ही वस्तू गुरांच्या दावणीत आणि उसाच्या सरीत गेली. ज्या मुलुखात दुष्काळ पुन्हापुन्हा येई व मुलांची हाडे वर दिसत, तेथेच हे घडत होते.

ही विसंगती शास्त्रज्ञांच्या नजरेतून सुटली नाही. म्हैसूर येथील केंद्रीय अन्न तंत्रविज्ञान संशोधन संस्थेने स्वच्छ रीतीने तेल काढलेल्या भुईमुगाचे पीठ तीन भाग व हरभऱ्याचे पीठ एक भाग असे मिश्रण करून त्यात जीवनसत्त्वे व क्षार घातले, आणि कुपोषित मुलांसाठी ते पुढे आणले. खाद्य म्हणून पेंडेची प्रतिष्ठा वाढण्याची ही वेळ होती. पण १९६० मध्ये इंग्लंडात सुमारे एक लाख टर्की पक्षी अकस्मात दगावले. शोध घेता त्यांच्या खाद्यातील भुईमुगाच्या पेंडेत बुरशीचे विष आढळले. त्यासच अफ्लाटॉक्सिन म्हणतात. ते यकृतावर घाला घालते, आणि भट्टीच्या उष्णतेनेही ते पुरते नाहीसे होत नाही.

हा दोष भुईमुगाच्या जातीचा नाही. ओल राहिलेली शेंग, दमट कोठार आणि निष्काळजी निवड यांचा तो परिणाम होय. आणि निष्काळजीपणाचे मूळ स्वस्तपणात आहे. बदामाचा एक किडका दाणा निघाला तर आपण दुकानदारास जाब विचारतो. शेंगदाण्यात मूठभर कुजके निघाले तरी ते कुटात खपून जातात. वस्तुतः विष बहुधा सुरकुतलेल्या, फुटक्या व काळवंडलेल्या दाण्यांतच साठलेले असते. म्हणून तयार कूट आणण्यापेक्षा अखंड, भरदार दाणे आणून ताटात पसरून निवडावेत. चवीस कडू लागणारा दाणा थुंकून टाकावा. निवडलेले दाणे मंद आचेवर भाजून पूर्ण निववावेत, फोलपटे पाखडावीत व थांबून थांबून दळावेत. एका दमात दळल्यास तेल सुटून पिठाचा लगदा होतो. मग चाळून लागेल तेवढेच ठेवावे, कारण हे पीठ लवकर खवट होते.

नानकटाईसाठी एक वाटी असे पीठ, एक वाटी ज्वारीचे पीठ, पाऊण वाटी पिठीसाखर व अर्ध्या वाटीस थोडे कमी तूप पुरते. दाण्यात स्वतःचे तेल असल्याने तुपाचा हात आखडावा. भट्टी १६० अंशांच्या वर नेऊ नये, कारण हे पीठ गव्हापेक्षा लवकर करपते. पाव फुगवावयाचा असल्यास मात्र गव्हाच्या पिठात पाचवा हिस्सा एवढेच घालावे. भुईमूग ज्यांच्या प्रकृतीस मुळीच चालत नाही अशी माणसेही असतात. पाहुण्यांस आधी विचारणे हे यजमानाचे कर्तव्यच होय.

आज तापीच्या खोऱ्यात कपाशी व केळी यांचे राज्य आहे. भुईमुगाची शेते पूर्वीइतकी दिसत नाहीत. तरी जळगावच्या तेलबिया संशोधन केंद्राने दिलेले, लवकर तयार होणारे जे. एल. २४ हे वाण देशभर पसरले, आणि आफ्रिकेतील मलावी देशापर्यंत पोचले. त्या नावातील पहिली दोन अक्षरे जळगावचीच आहेत. परदेशच्या शेतकऱ्याने ज्या दाण्याची पारख केली, त्याची निवड आपल्या घरातील ताटातही बदामाइतक्याच काळजीने व्हावी. गिरणीने तेल नेले आणि गुरांनी पेंड खाल्ली. उरलेला दाणा तरी स्वच्छ स्थितीत मुलांच्या मुखी पडला पाहिजे.