सरकी, शेण आणि खताचे पोते

वऱ्हाडचा कास्तकार अडाणी, म्हणून त्याने रासायनिक खत उशिरा हाती घेतले, असे म्हणण्याची चाल पडली आहे. आम्ही जिन-प्रेसच्या कामगारांत वावरलेली माणसे. कापसाचा हिशेब आम्ही जिनाच्या दारातून पाहिला. तेथून पाहता हा आरोप टिकत नाही.

शंभर किलो कापसातून रुई निघते सुमारे 34 किलो, बाकी सरकी. रुई म्हणजे जवळजवळ निव्वळ तंतू. जमिनीचे नत्र आणि स्फुरद जाते ते मुख्यतः सरकीत. पूर्वी घरच्या रेच्यावर सरकी काढीत. ती बैलांपुढे जाई आणि शेणाच्या वाटेने वावरात परत येई. 1861 ते 1865 च्या अमेरिकन यादवीत कापसाचा भाव चढला, त्याच दशकात रेल्वे आली, पुढे अमरावती-अकोल्यास वाफेचे जिन उभे राहिले. कापूस सरकीसकट बाजारात जाऊ लागला. ढेप विकत घ्यावी लागली. शेणाच्या गोवऱ्या झाल्या, पऱ्हाटी चुलीत गेली.

आल्बर्ट हॉवर्ड यांनी 1924 ते 1931 या काळात इंदूरला याच पऱ्हाटीचे कंपोस्ट करून दाखविले. परंतु ज्याच्या घरी दुसरे सरपण नाही, त्याने स्वयंपाक कशावर करावा?

1951 मध्ये सिंद्रीचा कारखाना सुरू झाला. 1952 ते 1962 केंद्रात शेतीखाते आमच्या अमरावतीचे डॉ. पंजाबराव देशमुख पाहत होते. तरी कोरडवाहू वावरात ओलीवाचून खत पिकाला लागत नाही. पोते घ्यायचे मृगाच्या सुमारास, कापूस विकायचा दिवाळीनंतर. मधल्या पावसाची आणि भावाची जोखीम एकट्या कास्तकाराची. खारपाणपट्ट्यात तर विहिरीचे पाणीही खारे.

1970 मध्ये खताला उत्तर देणारा एच-4 हा संकरित कापूस आला, 1972 मध्ये एकाधिकार खरेदीने भावाचा थोडा भरवसा दिला, तेव्हा हाच कास्तकार खताकडे वळला. 1992 मध्ये स्फुरद-पालाशाच्या खतांवरील भावनियंत्रण उठले आणि ती महागली. युरिया स्वस्त राहिला, म्हणून त्याचा हात युरियाकडे गेला. प्रत्येक वेळी त्याने हिशेबच केला.

कामगार काम करून मजुरी मागतो; कास्तकार आधी पैसा मातीत घालतो आणि मग आभाळाकडे पाहतो. त्याला खताचा उपदेश करणाऱ्यांनी प्रथम त्या जोखमीतील आपला वाटा उचलावा, एवढेच आमचे मागणे आहे.