वस्त्र, वाचन आणि कर्तेपण : भानू अथैया यांच्या कारकिर्दीच्या निमित्ताने

चित्रपटाकडे संहिता म्हणून पाहण्याची दृष्टी मराठी समीक्षेने स्वीकारली, तरी तिचे लक्ष प्रामुख्याने पटकथा, संवाद आणि दिग्दर्शक यांच्याभोवतीच राहिले. पात्र बोलू लागण्यापूर्वीच त्याचा वर्ग, प्रदेश, काळ आणि वैवाहिक स्थिती सांगून टाकणारी वेशभूषेची चिन्हव्यवस्था मात्र ‘सजावट’ या सदरात जमा झाली. ही विभागणी निर्हेतुक नाही. शब्द हे निर्मितीचे आणि वस्त्र हे कारागिरीचे क्षेत्र, असा एक श्रेणीक्रम तिच्यामागे उभा आहे. भानू अथैया यांची कारकीर्द नेमकी या श्रेणीक्रमालाच प्रश्न विचारते.

भानुमती राजोपाध्ये यांचा जन्म 28 एप्रिल 1929 रोजी कोल्हापुरात झाला. त्याच वर्षी 1 जूनला त्याच शहरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन झाली. वडील अण्णासाहेब हे चित्रकार. बाबूराव पेंटर यांच्या चित्रपटांसाठी त्यांनी काम केले होते. पेंटरांच्या कोल्हापुरात कुंचला आणि कॅमेरा यांच्यामध्ये सोवळेओवळे नव्हते. पडदे रंगवणारा कलावंतच चित्रपट घडवीत होता. पुढे मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये भानुमतींना 1951 मध्ये उषा देशमुख सुवर्णपदक मिळाले आणि 1953 मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या प्रदर्शनात त्यांची चित्रे लागली. त्यानंतर नियतकालिकासाठी फॅशनची रेखाटने, त्यातून वस्त्रसंकल्पन आणि त्यातून चित्रपट, असा त्यांचा प्रवास झाला. कलेच्या इतिहासाला हा प्रवास चित्रकलेची हानी वाटतो, तर चित्रपटाच्या इतिहासाला तो केवळ प्रारंभ वाटतो. दोन्ही कथनांत चित्रकार आणि वेशभूषाकार या दोन निरनिराळ्या व्यक्ती ठरतात. कोल्हापूरच्या परंपरेत मात्र त्या एकच होत्या.

त्यांच्या पदार्पणाचा काळही अर्थपूर्ण आहे. प्रभात, न्यू थिएटर्स, बॉम्बे टॉकीज या संस्थांमध्ये कलावंत आणि तंत्रज्ञ पगारी नोकर असत आणि पोशाख हे संस्थेच्या एका खात्याचे काम असे. हॉलिवुडमध्येही एडिथ हेड यांची कारकीर्द अशाच स्टुडिओच्या आश्रयाने घडली. मात्र तेथे 1948 च्या चित्रपटांपासून वेशभूषेसाठी स्वतंत्र अकादमी पुरस्कार सुरू झाला होता. भारतात 1950 नंतरच्या काही वर्षांतच या संस्था मावळल्या. खाते गेले आणि त्याच्या जागी स्वतंत्र निर्माता, नामांकित तारका आणि शिंपी असे विस्कळीत जाळे आले. कामिनी कौशल, नर्गिस यांसारख्या अभिनेत्रींसाठी कपडे करणाऱ्या भानू अथैया या जाळ्यातून पुढे आल्या. ‘सी. आय. डी.’ (1956) आणि ‘प्यासा’ (1957) यांपासून त्यांचे काम गुरुदत्त यांच्या संस्थेशी जोडले गेले.

बिमल मित्र यांच्या कादंबरीवरील ‘साहिब बीबी और गुलाम’ (1962) या दृष्टीने विशेष तपासण्याजोगा आहे. त्यात दोन घरे आहेत : मोडकळीस आलेली जमीनदारी हवेली आणि जबाचे ब्राह्मो कुटुंब. कादंबरीकाराला वर्णनाचा अवकाश असतो. पडद्यावर तेच अंतर छोटी बहूचे दागिने व रेशीम आणि जबाची साधी वेशभूषा यांच्यातून क्षणार्धात कळावे लागते. ब्राह्मो स्त्रियांच्या नेसण्यालाही स्वतःचा इतिहास आहे. घराबाहेर वावरता येईल अशी, पोलक्यासह नेसायची साडी बंगालमध्ये रूढ करण्यात ज्ञानदानंदिनी देवींचा मोठा वाटा होता आणि ती पद्धत त्यांनी मुंबईच्या वास्तव्यात पारशी नेसणीवरून घडवली होती. त्यांचे पती सत्येंद्रनाथ टागोर मुंबई इलाख्यात सनदी अधिकारी होते. सोलापुरातही त्यांची नेमणूक झाली होती. म्हणजे पडद्यावरील एका ‘बंगाली’ साडीच्या मागे पश्चिम भारताशी झालेली देवाणघेवाण दडलेली असते. वेशभूषाकाराला असे स्तर हाताळावे लागतात. हे कादंबरीचे वाचनच आहे. फक्त ते टीपेऐवजी कापडावर उतरते.

या वाचनाची दोन टोके ‘आम्रपाली’ (1966) आणि ‘गांधी’ (1982) या चित्रपटांत दिसतात. ‘आम्रपाली’साठी अथैयांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांचा आधार घेतला. अजिंठ्याची बहुतेक चित्रे बुद्धकालीन वैशालीनंतर कित्येक शतकांनी रंगवलेली आहेत. म्हणून तो पोशाख काटेकोर अर्थाने इतिहास नव्हे, इतिहासाची दृश्य कल्पना होय. येथे वस्त्र स्वतःकडे लक्ष वेधून घेते. ‘गांधी’मध्ये याच्या नेमके उलट घडते. लंडनमधील सूट, 1915 मध्ये परतताना काठेवाडी पोशाख आणि 1921 मध्ये मदुराई येथे स्वीकारलेला पंचा, असे गांधींनी आपल्या वस्त्रांतूनच राजकीय विधान रचले होते. ती संहिता आधीच लिहिली गेली होती. वेशभूषाकाराने तिच्यात कोठेही स्वतः दिसू नये, हीच तेथील कसोटी होती. या कामासाठी जॉन मोलो यांच्यासमवेत 1983 मध्ये त्यांना ऑस्कर मिळाले. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. दिसू न देण्याच्या कौशल्यानेच त्या जगाला दिसल्या.

सोलापूरसारख्या विणकरांच्या शहरात या विसंगतीचे फारसे आश्चर्य वाटणार नाही. चादरीवर कारखान्याची छाप असते, विणणाऱ्या हाताचे नाव नसते. अथैयांना ‘लेकिन’ आणि ‘लगान’साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, 2010 मध्ये त्यांनी वेशभूषेच्या कलेवर ग्रंथ लिहिला. तरीही 2012 मध्ये, जतनाच्या चिंतेने, त्यांनी आपली ऑस्करची बाहुली अमेरिकेतील अकादमीकडे परत पाठवली. शांतिनिकेतनातून रवींद्रनाथांचे नोबेल पदक 2004 मध्ये चोरीला गेले होते, हे लक्षात घेता ती चिंता अनाठायी म्हणता येत नाही. 15 ऑक्टोबर 2020 रोजी त्यांचे निधन झाले.

बाहुली सांभाळणे हे संग्रहालयाचे काम. कर्तेपण सांभाळणे हे समीक्षेचे. शंभराहून अधिक चित्रपटांतील पात्रांना ज्यांनी काळ, वर्ग आणि देह दिला, त्यांचा उल्लेख केवळ ‘पहिल्या भारतीय ऑस्करविजेत्या’ म्हणून होत राहिला, तर तो गौरव असूनही वाचन टाळण्याचाच एक मार्ग ठरतो. चित्रपट ही संहिता असेल, तर तिच्या लेखकांची यादी पटकथाकार आणि दिग्दर्शक यांच्यापाशी थांबवता येणार नाही.