जहाजावरचा डॉक्टर कोणाच्या हुकमातला?

हिंगोलीच्या कयाधू नदीत आगबोट कधी चालली नाही. तरी हुकूम कोणाचा, हा प्रश्न या गावाला नवा नाही. 1903 पर्यंत इथे हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी होती. पलटणीचा डॉक्टर कमांडरच्या हुकमातला, पण शिपाई आजारी की धडधाकट, हे ठरवायचं त्याने. पटलं नाही तर वरच्या कचेरीत कागद धाडायची सोय होती. भर समुद्रात वर कोणी नसतं, म्हणून तिथे वाटणी आधीच करावी लागते. मुंबईच्या गोदीत बांधलेल्या आणि 1881 साली पाण्यात उतरलेल्या ‘इन्व्हेस्टिगेटर’ या लाकडी चाकाच्या आगबोटीवर ही वाटणी अर्धीच झाली होती, असं माझं मत आहे. बोटीचं काम किनारे मोजून नकाशे करण्याचं. तिच्यावरचा लष्करी डॉक्टर ‘सर्जन-नॅचरलिस्ट’ म्हणवे: खलाशांची प्रकृती सांभाळायची आणि खोल पाण्यातले प्राणी जमवून कलकत्त्याच्या संग्रहालयाला द्यायचे. औषधाच्या पेटीवर त्याची सत्ता होती, बोटीच्या वेळेवर नव्हती. खोल पाण्यात जाळं सोडून ओढायला तास न् तास जात. वर आलेला माल उन्हात सडायच्या आत स्पिरिटच्या बरण्यांत भरायचा. तेवढा वेळ बोट थांबवायची की नाही, हे ठरवणार कमांडर, आणि त्याला हिशेब द्यायचा तो मोजणीचा.

यावर कोणी म्हणेल, तक्रार कशाची? आल्फ्रेड अल्कॉक 1888 ते 1892 या बोटीवर सर्जन-नॅचरलिस्ट होता. त्या काळातला संग्रह जगभर नावाजला गेला. खरं आहे. पण तेव्हाचा एक कमांडर कारपेंटर स्वतः ‘चॅलेंजर’च्या शास्त्रीय सफरीवर राहून आलेला होता. माणूस दर्दी निघाला म्हणून काम झालं; याला व्यवस्था कशी म्हणायची? एका पगारात दोन कामं करून घेण्याची सरकारी काटकसर, एवढाच तिचा अर्थ. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: वादळात दोन धनी असले तर बोट बुडेल. मान्य. पण सुकाणू कोणाच्या हाती, हा वादच नव्हता. जाळ्यासाठी किती दिवस राखून ठेवायचे, एवढंच ठरवायचं होतं.

ते पुढे ठरलं. 1933–34 मध्ये इजिप्त सरकारची ‘मबाहिस’ ही बोट अरबी समुद्रात फिरली, मुंबईलाही लागली. तिच्यावर कप्तान मॅकेंझी वेगळा आणि शास्त्रीय प्रमुख सेमूर सेवेल वेगळा. हा सेवेल पूर्वी ‘इन्व्हेस्टिगेटर’वरच सर्जन-नॅचरलिस्ट होता. मबाहिसवरच्या डॉक्टरकडे, हुसेन फौझींकडे, मात्र औषधांबरोबर प्राणीशास्त्रही होतंच.