तळटीप : आर्सेनियोचा ताफा

आर्सेनियो रोद्रिगेस (१९११–१९७०) : लहानपणीच दृष्टी गेलेला क्युबन वादक. त्याचे वाद्य 'त्रेस', म्हणजे तारांच्या तीन जोड्यांचे, गिटारच्या कुळातले. १९४०च्या सुमारास हवानात त्याने 'सोन' या क्युबन नृत्यसंगीताच्या छोट्या संचात पियानो आणि कोंगा हा ढोल आणले, एकाच्या जागी दोन-तीन ट्रम्पेटवाले बसवले. कोंगा तोवर रस्त्यावरच्या मिरवणुकांतला, रुम्बाच्या मैफलींतला. प्रतिष्ठितांच्या नाचघरांना तो खपत नसे. पुढे न्यूयॉर्कमध्ये 'साल्सा' या नावाने जे गाजले, त्याचा सांगाडा बराचसा याच ताफ्याचा. लेखकाने वर साल्सा आणि फंक एका दमात उरकले आहेत, ते पटण्यासारखे नाही. साल्सातला बास पहिली मात्रा बहुधा मोकळी सोडतो आणि पुढच्या आवर्तनाचा सूर आधीच्याच मात्रेवर लावून ठेवतो. फंकमधला जेम्स ब्राऊन मात्र १९६०च्या दशकाच्या मध्यापासून सगळा वाद्यवृंद नेमका त्या पहिल्या मात्रेवर आणून आदळतो. समेची सवय असलेल्या कानाला हे दुसरे लवकर उमगेल, पहिले जरा उशिरा. आर्सेनियो डिसेंबर १९७०मध्ये लॉस एंजेलिसला वारला. साल्सावादक लॅरी हार्लोने त्याला वाहिलेली तबकडी १९७१ची. – संपा.